दार धरण्याचा मान

वरातीचा बँड कुरुळीच्या वेशीत शिरला, तसं सुमनताईंनी हर्षालीला कोपराला धरून स्वयंपाकघरात आणलं.

"हर्षे, तू आतच थांब जरा. दार नेहा धरील."

मावशी थट्टा करतेय असंच हर्षालीला वाटलं. नवरा-नवरी उंबऱ्याशी आली की बहिणीने दार अडवायचं, तुझी लेक माझ्या लेकाला देशील का म्हणून विचारायचं आणि भाऊ 'दिली' म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. आजचा नवरदेव म्हणजे मावशीचा मुलगा निरंजन; त्याला पाठची बहीण नव्हती. राखी बांधायची ती हर्षालीच. गेला महिनाभर तो तिला चिडवत होता, "नाही दिली लेक तर काय करशील?" आणि ती म्हणत होती, "झोपाल दोघं अंगणात."

"का पण, मावशी?"

सुमनताईंनी पदराने कपाळ पुसलं. "आबाजी म्हणालेत."

आबाजी म्हणजे मावशीच्या नवऱ्याचे, रंगरावांचे चुलते, भावकीतले सर्वांत वडीलधारे. त्यांच्यापुढे या घरात कोणी बोलत नसे.

हर्षालीची आई दिपाली ही सुमनताईंची धाकटी बहीण. आकुर्डीला शिकायला आलेल्या जोसेफ नावाच्या टांझानियाच्या मुलाशी तिने लग्न केलं आणि माहेरचं दार तिला बंद झालं. पुढे काविळीने दिपाली गेली. वडील लेकीला आपल्या देशी न्यायला निघाले, तेव्हा सुमनताईच आडव्या आल्या. "शाळा अर्ध्यात नका तोडू. उन्हाळ्यात न्या." असे कितीतरी उन्हाळे गेले. वडील अजून दर रविवारी फोन करतात. हर्षाली त्यांच्याशी इंग्रजीत बोलते आणि फोन ठेवल्यावर मावशीला सगळं मराठीत सांगते.

तिचा रंग वडिलांचा, केसही त्यांचेच, कुठल्याच वेणीत न बसणारे. शाळेत पोरं 'हबशीण' म्हणायची. भाजीवाले हिंदीत भाव सांगायचे आणि ती "काका, गवार कवळी हाय का?" म्हणाली की तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. चाकणच्या कारखान्यात नोकरी लागण्याआधी ती तळवड्यात कामाला होती. तिथे खोली शोधताना फोनवर तिचं मराठी ऐकून मालक हो म्हणायचे. दारात गेली की खोली नुकतीच भरलेली असायची.

पण हे घर तिचं होतं. निदान आज सकाळपर्यंत तरी.

ओसरीवरून आबाजींचा आवाज आला. "तुमी म्हणता गंमत हाय. उंबऱ्यावरला शब्द हाय त्यो! उद्या ती खरंच लेक मागाया आली, तर कसं तोंड द्यायचं? हबशाचं रगत आनायचं व्हय घरान्यात?"

"आबा, हळू. पाव्हणे ऐकतील," रंगराव म्हणाले.

काका एवढंच म्हणाले. हळू. हर्षालीच्या हातातली परात कट्ट्यावर आपटली. अजून जन्मालाही न आलेल्या तिच्या पोराला भावकी घाबरली होती.

बँड थांबला. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं आणि त्यामागे आबाजींची नात नेहा हात आडवा धरून उभी होती.

निरंजनने मुंडावळ्या बाजूला केल्या. "हर्षाली कुठंय?"

"नेहा हाय न्हवं? ती बी बहीनच," आबाजी म्हणाले. "इचार गं, नेहे."

"दादा, लेक देशील ना?" नेहा हसत म्हणाली.

निरंजनने मान खाली घातली. त्याचे ओठ हलताना हर्षालीला स्वयंपाकघराच्या दारातून स्पष्ट दिसले. तो म्हणणार होता. एकदा तो शब्द नेहाला दिला गेला, की या घरात आपण फक्त सांभाळलेली पोर, हे तिला कळून चुकलं.

तिने पिठाचे हात तसेच साडीला पुसले. मावशीने तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवला. माजघरातल्या बायका आपोआप बाजूला झाल्या.

"नेहा, सरक."

"ये बाई. माझा हात कवाचा अवघडलाय," नेहा म्हणाली आणि खरंच सरकली.

हर्षालीने दोन्ही हात चौकटीला लावले. "दादा, तुझी लेक माझ्या लेकाला देशील?"

निरंजनची नजर ओसरीकडे गेली.

"तिकडं नको बघू. मी इथं आहे."

"निरंजन," आबाजी उठून उभे राहिले, "शब्द दिलास तर ह्या घरात आमी पानी पिनार न्हाई."

बीडकडून आलेली नवी नवरी, वर्षाराणी, मान वर न करता पुटपुटली, "अहो, बोला की काहीतरी. पाय दुखायलेत माझे."

"दिली," निरंजन म्हणाला. त्याच्या शेल्याच्या गाठीला तेवढं ऐकू गेलं असेल.

"ऐकू नाही आलं, दादा."

"दिली म्हणलं ना!" तो ओरडला. आवाज मधेच चिरकला. फाटकापाशी उभ्या ताशेवाल्याला वाटलं, इशाराच झाला. त्याने दणक्यात ताशा सुरू केला, मग लोकांचे चेहरे बघून काठ्या खाली घेतल्या.

आबाजींनी टोपी डोक्यावर दाबली. नेहाला "चल" म्हणाले आणि निघाले. त्यांच्यामागे निम्मी भावकी उठली. रंगराव दुसऱ्याच कुणाच्या चपला पायात अडकवून "आबा, आबा, ऐका तर" करत रस्त्यापर्यंत धावले. तिथून ते परत आले नाहीत.

हर्षालीचे हात अजून चौकटीवरच होते. ते काढायला हवेत, हे तिला सुचेना. आनंद व्हायला हवा होता, तोही होईना. तिने मागे वळून मावशीकडे पाहिलं. सुमनताई फाटकाकडे बघत होत्या. या घरात आल्यापासून ज्या माणसांसमोर त्यांनी पदर ढळू दिला नव्हता, ती माणसं जेवण टाकून चालली होती. आता मावशी काय म्हणेल, याची हर्षालीला आबाजींपेक्षा जास्त भीती वाटली.

"उभी काय राहिलीस?" सुमनताई शेवटी म्हणाल्या. आवाजात राग होताच. "हात काढ अन् वहिनीला आत घे. बहिणीचंच काम आहे ते."

हर्षालीने वर्षाराणीचा हात धरला. तो घामाने ओला झाला होता.

"उजवा पाय, वहिनी," ती म्हणाली.

वर्षाराणीने माप लवंडलं.