वेदीच्या कापडावरचा डाग

कांजीबाईला राग यायला कारण लागत नसे. राग आधी येई, कारण ती मागाहून शोधून काढी, आणि बहुतेक वेळा ते तिच्या सुनेतच सापडे. कपड्यांना कांजी करता करता बाई स्वतःच कडक झाली, असं म्हणून लोकांनी तिला हे नाव ठेवलं होतं. तिला ते मनातून आवडतही होतं. तिच्या लाँड्रीत पुढे काउंटर, मागे दोन हौद, मध्ये इस्त्रीचं लांबलचक टेबल आणि अंगणात कपडे वाळत घालायच्या सहा दोऱ्या. नवरा गेल्यावर हे सगळं तिने एकटीने उभं केलं होतं, आणि ‘एकटीने’ हा शब्द दिवसातून चारदा तरी तिच्या तोंडून निघे. मुलगा कपडे पोचवी, सून धुई. इस्त्री दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली तिला खपत नसे.

चर्चमधल्या वेदीवरचं पांढरं कापड बावीस वर्षं तीच धूत होती. फुकट, सेवा म्हणून. त्यासाठी बादली वेगळी, चिमटे वेगळे, बारा. रविवारी ती सगळ्यात मागच्या बाकावर बसे, कारण नम्र माणसाची जागा तिथेच असते. मात्र आपण तिथे बसलोय हे पुढच्या बाकांनाही कळलं पाहिजे, म्हणून ती दोन मिनिटं उशिरा येई आणि दार जरा जोरात लोटी. देवाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण देव काही बोलत नाही, आणि न बोलणाऱ्यांशी कांजीबाईचं चांगलं जमे.

सून वर्षभर सांगत होती, “आई, चष्मा लावा.”

“माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुझ्या जिभेला झालंय,” कांजीबाई म्हणे, आणि विषय तिथेच मिटे.

एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फुलं बदलायला गेलेल्या एका बाईने सगळ्यांना हाक मारली. वेदीच्या कापडावर, द्राक्षारसाचा, म्हणजे वाइनचा, प्याला ठेवतात त्याच बाजूला, अंगठ्याच्या नखाएवढा तपकिरी डाग होता. आठदहा बायका गोळा झाल्या. कांजीबाई मागच्या बाकावरून तरातरा पुढे आली, तिने डागावर बोट ठेवलं आणि निकाल दिला.

“द्राक्षारस सांडलाय. माझ्याकडून गेलं तेव्हा कापड स्वच्छ होतं.”

मी कुणाचं नाव घेतलं नाही, असं पुढे तिने स्वतःला शंभरदा ऐकवलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. वेदीची मांडामांड करणारी एकच होती, झाडूवाली. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ही बाई दारू पिऊन रस्त्यात पडलेली सगळ्या बायकांनी पाहिली होती. मग एक दिवस तिने सोडली ती सोडलीच. तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरनी तिच्या हाती आधी झाडू दिला आणि वर्षभराने द्राक्षारसाच्या कपाटाची किल्ली. ती किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात घालून झाडूवाली अशी ताठ चालायची की पाहणाऱ्याला हसू यावं.

आता सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“मी नाही प्यायले,” ती म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते जास्तच खोटं वाटलं.

नवे फादर तरुण होते आणि भांडणाला फार भीत. त्यांनी किल्ली मागून घेतली. “थोडे दिवस आराम करा,” ते तिला म्हणाले. आराम म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी झाडूला नवी बाई आली.

त्याच रविवारी दुपारी कांजीबाईने ते कापड हौदावर घेतलं आणि डागावर धुण्याचा सोडा चोळला. द्राक्षारसाच्या डागावर सोडा पडला की डाग निळसर होतो, हे लाँड्रीतल्या कालच्या पोरीलाही ठाऊक असतं. हा डाग होता तसाच तपकिरी राहिला. तिने पुन्हा चोळला. शेजारी सून उभी होती.

“गंज आहे हा,” सून म्हणाली.

तिने आत जाऊन बारा चिमटे आणले आणि इस्त्रीच्या टेबलावर ओतले. एकाची स्प्रिंग गंजून लाल झाली होती. कांजीबाईने तो चिमटा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“चष्मा असता तर—”

“तोंड बंद ठेव.”

लिंबू आणि मीठ लावून कापड उन्हात टाकलं तसा अर्ध्या तासात डाग गेला. असा गेला की कधी नव्हताच. कांजीबाईने कापडाला कडक इस्त्री केली आणि मूग गिळून गप्प बसली.

पुढचे तीन आठवडे घरात कुणाची धडगत नव्हती. तिला राग कुणाचा आला म्हणाल, तर सगळ्यांचा. सुनेचा, कारण तिने पाहिलं होतं आणि पाहूनही ती चकार शब्द काढत नव्हती. फादरचा, कारण त्यांनी एकदाही विचारलं नाही की बाई, नक्की का. त्या बायकांचा, ज्यांनी एका वाक्यावर एका माणसाची आठ वर्षं धुळीला मिळवली. आणि सगळ्यात जास्त झाडूवालीचा. भांडली का नाही ही? दारात येऊन तिने चार शिव्या दिल्या असत्या, दोन आपणही दिल्या असत्या, आणि त्या गडबडीत खरं तोंडातून निसटलं असतं. ती आलीच नाही. नम्रपणाचा मक्ता बावीस वर्षं कांजीबाईकडे होता, आणि ही कालची दारुडी गप्प राहून तो हिसकावून घेत होती, असंच तिला वाटलं.

चौथ्या शनिवारी ती पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर बसले होते.

“माझ्याकडून घाईत थोडं चुकीचं बोललं गेलं,” तिने सुरुवात केली, आणि तिथेही इस्त्री फिरवत फिरवतच सगळं सांगितलं.

“देव क्षमा करणारा आहे,” फादर म्हणाले. “तीन प्रार्थना म्हणा. आणि जमलं तर त्या बाईंशी बोला.”

जमलं तर! ती पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. उभ्या आयुष्यात शाईचा साधा डाग तिने तीन प्रार्थनांनी निघालेला पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली आणि पुढच्या बाकावर बसली. मिस्साच्या सुरुवातीला सगळे छातीवर हात मारून म्हणतात, माझ्या अपराधाने, माझ्या अपराधाने. शंभर माणसं एकदम म्हणतात, त्यामुळे कुणाचाच अपराध कुणाला ऐकू येत नाही. सगळे थांबले, कांजीबाई थांबली नाही.

“तो डाग द्राक्षारसाचा नव्हता. गंजाचा होता. चिमटा माझा होता. मला त्याच दुपारी कळलं, आणि मी गप्प बसले.”

फादरनी घसा खाकरला आणि पुढची प्रार्थना सुरू केली.

मिस्सा संपल्यावर बायकांनी तिला घेरलं. केवढं मोठं मन, एक म्हणाली. एवढ्या लोकांत कबूल करायला काळीज लागतं, दुसरी म्हणाली. एका म्हाताऱ्याने तिला चक्क हात जोडले. फादर म्हणाले, पुढच्या प्रवचनात तुमचंच उदाहरण देतो. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं तिला फार बरं वाटलं. मग वेदीपाशी नवी बाई झाडताना दिसली, आणि ध्यानात आलं की इतक्या तोंडांतून एकदाही झाडूवालीचा विषय निघालेला नाही. पाप हिने केलं, शिक्षा तिने भोगली, आणि कौतुक पुन्हा हिचंच. कांजीबाईला स्वतःची एवढी चीड आयुष्यात कधी आली नव्हती.

घरी बातमी आधीच पोचली होती. सुनेने ताट वाढलं.

“आई, ती होती का तिथे?”

“नव्हती.”

“मग तुम्ही सांगितलंत कुणाला?”

कांजीबाई भरल्या ताटावरून उठली आणि पायात चपला घालून निघाली.

झाडूवाली बेकरीच्या मागे, जिन्याखालच्या एका खोलीत राहत होती. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून खानावळीसाठी लसूण सोलत होती, आणि पाकळ्यांची सालं खोलीभर उडत होती. एकच खुर्ची होती, तिच्यावर लसणाचं पोतं.

“कळलं मला,” ती वर न बघता म्हणाली. “तुमचं फार कौतुक झालं म्हणे.”

“माझं चुकलं. डाग माझा होता.”

“किल्ली काढून घेतली त्या संध्याकाळी मी गुत्त्यावर गेले होते, ताई. आठ वर्षांनी. म्हटलं, प्यायलीय असं सगळ्यांनी ठरवलंच आहे, तर पिऊन तरी टाकते. गुत्तेवाल्याने समोरचा ग्लास उचलून घेतला. म्हणाला, तुला नाही देणार, घरी जा. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याने माझा हात धरून मला रस्त्यापलीकडे आणून सोडलं.” तिने एक पाकळी परातीत टाकली. “चर्चमध्ये एवढी माणसं होती. एकानेही एवढं केलं नाही.”

मी आले ना तुझ्या दारात, हे शब्द कांजीबाईच्या दातांपर्यंत आले. तिने ते गिळले.

“फादरना सांगते मी. किल्ली तुला परत मिळेल.”

“ते तर सांगायलाच हवं. त्यात उपकार कसले?”

“मला माफ कर.”

झाडूवालीचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं, आणि त्या डोळ्यांत नम्रपणा औषधालाही नव्हता.

“आत्ता माफ केलं म्हणाले, तर तुम्ही हलक्या होऊन घरी जाल. मी इथेच राहीन. माझ्या पोटात अजून आग आहे. ती निवेपर्यंत बसा.”

“किती वेळ?”

“मला काय माहीत?”

कांजीबाई गुडघ्यांवर हात रोवून कशीबशी खाली बसली. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने परातीकडे हात नेला आणि लसणाचा एक गड्डा उचलला.

झाडूवालीने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि परात आपल्याकडे ओढली.

“नको,” ती म्हणाली. “नुसत्या बसा.”

कांजीबाईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली.