पेट्रोल बघून घेऊया

आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, हे आमच्या घरात देवाच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. नव्वद सालानंतर कधीतरी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गाडी दुसऱ्या हातची घेतली. मंगळवार पेठेत शेतीपंपांच्या सुट्या भागांचं आमचं दुकान होतं आणि गाडीचं खरं काम माल आणण्याचं होतं. पण वर्षातून चार-पाच वेळा ती आम्हाला घेऊन आईच्या माहेरी, बेळगावकडं जायची. टाकी भरलेली असो की रिकामी, काटा आपला मध्यावर उभा. मूळ मालकानं गाडी विकताना हे सांगितलं नव्हतं. अण्णांना त्याचा राग वगैरे आला नाही. त्यांनी वेताची एक लांब काडी आणली, तिच्यावर चाकूनं चार खाचा पाडल्या आणि ती डिकीत ठेवून दिली.

पुढची दहा वर्षं ती काडी माझी लाज काढत राहिली. रस्त्यात पंप दिसला की अण्णा म्हणायचे, "पेट्रोल बघून घेऊया." गाडी आत घ्यायची, टोपण काढायचं, काडी वाकवत वाकवत टाकीत सोडायची आणि झटक्यात बाहेर ओढून ओल कुठवर आलीय ते बघायचं. झटक्यात अशासाठी, की पेट्रोल उडून जातं आणि काडी कोरडी होते. कधी पेट्रोल घ्यायचे, कधी नुसतंच "हाय अजून" म्हणून टोपण लावायचे. पंपावरची माणसं हसायची. त्यातल्या कुणाला तरी अण्णा "पावणं, जरा किल्ली द्या की" म्हणायचे. ऑफिसमागच्या संडासाची किल्ली खिळ्याला टांगलेली असायची. आई पदर सावरत खाली उतरायची आणि दर वेळी तेच वाक्य म्हणायची, "थांबलोच आहे तर जाऊन येते." मी मात्र बहुतेकदा खिडकीतून दुसरीकडं बघत बसायचे, न जाणो शाळेतलं कुणी दिसलं तर.

कोल्हापूर ते निपाणी एवढ्याशा अंतरात दोनदा पेट्रोल बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांना हिशेब करून दाखवायचे. किती लिटर घातलं, किती किलोमीटर झाले, म्हणजे किती उरलं असणार. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझं बरोबरच हाय बाळ. पण बघितल्यालं बरं." माझा जीव जळायचा. बरोबर असणं हा माझा लहानपणापासूनचा आजार आहे, आणि पुढं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले म्हटल्यावर तो बरा होण्याचा प्रश्नच उरला नाही.

दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी मी माझी स्वतःची गाडी घेतली. आई तोवर गेली होती. अण्णांची नजर कमी झाल्यानं त्यांची गाडी दुकानामागच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. माझ्या गाडीत काट्याशिवाय एक आकडा होता. उरलेल्या पेट्रोलवर अजून किती किलोमीटर जाता येईल ते तो सांगायचा. मला तर हरखून जायला झालं. पहिले तीन महिने मी एक वहीच ठेवली. आकडा काय म्हणतो, प्रत्यक्षात किती चालली. गावातल्या गर्दीत तो थोडा गडबडायचा, कारण बिचारा मागच्या काही किलोमीटरांवरून पुढचा अंदाज बांधतो. हमरस्त्यावर मात्र चार-पाच किलोमीटरच्या वर कधी चुकला नाही. मी वर्गात सरासरी शिकवताना त्याचं उदाहरण द्यायला लागले. भेटेल त्याला गाडीपेक्षा तो आकडाच दाखवायचे.

त्या हिवाळ्यात पुण्याला माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. अण्णा व्याही म्हणून मानानं आले. माझे यजमान दोन दिवस मागं राहिले, त्यामुळं परतीला गाडीत आम्ही तिघंच. मी चालवत होते, अण्णा शेजारी, मागं सासूबाई. दुपारचं जेवण आटोपून निघालो. आम्ही जैन. मी बाहेर कधीमधी दिवस मावळल्यावर खाते, पण अण्णांनी सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घेतल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं निघतानाच मी जाहीर केलं, "अण्णा, दिवस मावळायच्या आत तुम्हाला घरच्या पाटावर बसवते." ते कौतुकानं हसले. त्या दिवसाबद्दल माझ्या बाजूनं बोलायला एवढी एकच गोष्ट आहे, म्हणून ती लिहून ठेवते.

खंबाटकीचा घाट उतरताना इंजिनाला काही कामच नव्हतं, तेव्हा आकडा वाढायला लागला. अण्णांनी वाकून पाहिलं. "न घालताच वाढतंय व्हय पेट्रोल?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. सरासरी कशी निघते, उतारावर काय होतं, चढावर काय होतं. साताऱ्याजवळ चहा झाला. अण्णांनी दोन कप घेतले, कारण सासूबाईंनी आग्रह केला आणि विहीणबाईंना नाही म्हणायचं नसतं. निघताना आकडा एकशे ऐंशी होता. कोल्हापूर तिथून एकशे वीस. मी मनात वजाबाकी केली आणि खूश झाले.

कराडच्या अलीकडं एक मोठा पंप आला. अण्णा म्हणाले, "बाळ, पेट्रोल बघून घेऊया का?"

"कशाला? एकशे चाळीस दाखवतोय अजून."

ते पंपाकडं बघत राहिले. आणि मला नको ते सुचलं. सासूबाईंची करमणूक व्हावी म्हणून मी काडीची गोष्ट सांगायला घेतली. ती चार खाचांची काडी, ते टोपण, ते झटक्यात ओढणं, हसणारी पंपावरची माणसं. माझी सांगण्याची पद्धत बरी आहे. सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णाही हसले. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, नुसतं हसणं ऐकलं.

पेठनाक्याजवळ ते पुन्हा म्हणाले, या वेळी आवाज जरा खाली घेऊन, "एकदा बघितल्यालं बरं, बाळ."

"अण्णा, ती काडी आता विसरा. हा आकडा खोटं बोलत नाही."

किणीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग होती. तिथं त्यांनी विषयच बदलला. "मागच्या टायरात हवा कमी वाटतीय. जरा कडेला घे, उतरून बघतो." मी म्हटलं, हवा सकाळीच बघितलीय, आणि सूर्य बघा कुठं आलाय. त्यांनी सूर्याकडं पाहिलं. मग पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसले. त्यानंतर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, हरल्यामुळं फुगले.

आधी सासूबाईंना राजारामपुरीत आमच्या घरी सोडलं. अण्णा गाडीतून उतरले नाहीत, बसल्या जागीच हात जोडले. सासूबाईंना ते खटकलं असावं. मलाही खटकलं. एरवी ते फाटकापर्यंत पोचवायला जाणारे. मंगळवार पेठेत घरासमोर गाडी उभी केली तेव्हा उन्हं अजून वरच्या मजल्याच्या कठड्यावर होती. आकडा एकसष्ट. मी बोट ठेवून दाखवला. "बघा. एकशे ऐंशीतून एकशे वीस गेले, साठ. आणि हा एकसष्ट म्हणतोय."

अण्णांनी खिशातून किल्ली काढून दिली. "तू फुडं हो. कुलूप काढ. मी येतोच."

मी कुलूप काढलं, दिवा लावला, तरी ते आले नाहीत. परत बाहेर आले तर ते गाडीचं दार उघडून उभे होते, पिशवी पोटाशी धरून. धोतर मागून पार ओलं झालं होतं. सीटवर त्यांनी आपलं उपरणं चार घड्या करून अंथरलं होतं. साखरपुड्यात मानाचं मिळालेलं, नवं, जरीच्या काठाचं. माझी सीट खराब होऊ नये म्हणून. कधी अंथरलं ते मला कळलंही नव्हतं. टोलनाक्यावर असेल.

तेव्हा मला कळलं. सगळं नाही, पण त्या दिवसापुरतं कळलं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना एक गोळी सुरू केली होती. ती कशाची, हे मी विचारलं नव्हतं. विहिणीसमोर, आणि चालवायला सख्खी मुलगी, अशा गाडीत हा माणूस "मला उतरायचंय" हे वाक्य मेला तरी बोलला नसता. त्यांच्या तोंडात बसणारं जे एक वाक्य होतं ते त्यांनी दोनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा टायरांचं नाव घेतलं.

ते आंघोळीला गेले. मी भाकऱ्या केल्या, आमटी गरम केली, पाट मांडला. पहिली भाकरी तव्यावरच फाटली. ते धुतलेलं धोतर नेसून बाहेर आले तेव्हा कठड्यावरचं ऊन गेलं होतं. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "राहू दे आता," म्हणाले. पाणीही घेतलं नाही. मी पाटासमोर तशीच बसून राहिले. मला त्यांची क्षमा मागायची होती, पण क्षमा मागायची तर झालेल्या गोष्टीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्यांना तेच नको होतं. मग त्यांनीच विचारलं, "किती राहिलंय म्हणालीस?"

"एकसष्ट."

"म्हंजे बरोबर सांगतीय की तुझी गाडी."

त्यानंतर अण्णा माझ्या गाडीत बसले नाहीत. मी खूपदा म्हटलं, नेते, सोडते. ते म्हणायचे, "एस.टी. बरी बाळ, दर स्टँडला थांबतीया." मी मुकाट्यानं त्यांना स्टँडवर पोचवायला रिक्षा बघायचे. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत विचारायला कितीतरी संध्याकाळी होत्या. मी त्यांच्याशी दुकानाबद्दल बोलले, पावसाबद्दल, औषधांच्या किमतींबद्दल बोलले. त्या दिवसाबद्दल एकदाही नाही. मग ते गेले.

वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण वर्षभरानं गोदाम रिकामं करायचं ठरलं. जुनी गाडी विकायची होती, ती चालू करून द्यायला मी उद्यमनगरातल्या मिस्त्रीला बोलावलं. पहिल्यापासून ती गाडी त्याच्याच हातात होती. त्यानं बॅटरी बदलली, जुनं पेट्रोल काढून नवं घातलं, दिवसभर खपला. संध्याकाळी मी गेले तेव्हा इंजिन धडधडत होतं. गिऱ्हाइकाला आधीच सांगावं म्हणून मी म्हटलं, "पेट्रोलचा काटा मात्र बंद आहे, हे सांगायला पाहिजे."

"काटा?" मिस्त्री हात पुसत म्हणाला. "त्यो कवाच नीट केलाय की मी. गाडी आणली त्याच साली. तुमी शाळंत होता."

"मग अण्णा काडी कशाला घालायचे?"

"मी बी इचारलंतं एकदा. म्हटलं मालक, काटा चालतोय, मग काडी कशाला? तर म्हणाले, गाडीत बायकामाणसं असत्यात. त्यांनी तोंडानं काय सांगायचं? आपण पेट्रोल बघायचं, तेवढ्यात त्यास्नी उतरता येतंय."

आई गप्प व्हायची, खिडकीला डोकं टेकायची, आणि पुढच्या पंपावर अण्णांना पेट्रोलची आठवण व्हायची. दर वेळी. शंभर वेळा माझ्या डोळ्यांसमोर झालेली गोष्ट, आणि दोन गोष्टींचा संबंध कसा शोधावा हे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून मी पोट भरत होते. मीही त्याच पंपांवर उतरले होते, तीच किल्ली घेऊन, वर अण्णांच्या काडीला नाकं मुरडत. दहा वर्षं त्यांनी आमच्यासाठी स्वतःचं हसं करून घेतलं. त्यांना एकदाच, एकदाच, दुसऱ्या कुणीतरी पेट्रोल बघायला हवं होतं.

डिकी उघडली. काडी होती, बोटांचा तेलकटपणा लागून काळी झालेली. मी टोपण काढलं. लहानपणी कधी हात लावला नव्हता, त्यामुळं काडी दोनदा अडली. मिस्त्रीनं मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. तिसऱ्यांदा ती तळाला लागली. झटक्यात बाहेर ओढली. ओल पहिल्या खाचेला बरोबर टेकली होती, पाव टाकी. पुढं जाऊन आत वाकून पाहिलं. काटा पावावर उभा होता.

"काय म्हणतोय?" मिस्त्रीनं मागून विचारलं.

"बरोबर सांगतोय," मी म्हणाले, आणि ज्यांना सांगायचं ते नाहीत म्हणून तिथंच, मिस्त्रीसमोर, मला रडू फुटलं. त्यानं इंजिन बंद केलं आणि काहीतरी आणायचं राहिलंय म्हणून बाहेर निघून गेला.