अडसर उचला

केसरबाई वाद घालण्याआधी आपल्या चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावत. 'कट' असा बारीक आवाज येई आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीतले सगळे सावध होत. मुख्याध्यापक तर हातातला चहा खाली ठेवत. ब्रेक लागला म्हणजे बाईंचं ऐकून घेतल्याशिवाय सुटका नाही, हे बीडच्या आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या शिरूर कासारकडच्या. आईबाप ऊसतोडीला जायचे. बाई नऊ वर्षांच्या असताना उसाची ट्रॉली उलटली आणि कमरेखालचं अंग गेलं. कुणी हळहळलं की म्हणत, "पाय ट्रॉलीखाली गेलते, डोकं न्हाई. काय इचारायचं ते डोक्याला इचारा." त्या इतिहास शिकवायच्या, मी भूगोल.

दर वर्षी सहावीच्या मुलांना आम्ही जुन्या कचेरीचा चौक दाखवायला न्यायचो. निजामाच्या काळातली दगडी कमानींची इमारत. बैलगाड्या जाव्यात म्हणून मोठ्या दरवाजाला उंबरा नव्हता, पण तो कायम बंद. त्याच्या फळीतली दिंडी, म्हणजे वाकून जायचं छोटं दार, तेवढी उघडी. तिची चौकट गुडघाभर उंच. बाई रस्त्यावर कडुलिंबाखाली थांबत. "बाई, तुम्ही बसा, आम्ही आलोच," असं म्हणून मी मुलांना घेऊन आत जायचो. अकरा वर्षं हे वाक्य म्हणालो. बसलेल्याच बाईला 'बसा' म्हणतोय, हेही कधी ध्यानात आलं नाही.

बारावं वर्ष त्यांच्या निवृत्तीचं. त्या वर्षी त्या झाडाखाली थांबल्या नाहीत, सरळ दिंडीसमोर आल्या. रखवालदार लतीफचाचा आतून वाकून म्हणाले, "मॅडम, उचलून घेऊ की. चार पोरं बोलावतो."

"चौघांनी उचलायची येळ एकदाच येती, चाचा. माझी अजून आली न्हाई. मोठा दरवाजा उघडा."

"तो सायेबलोकं आल्यावरच."

"मग मी कोण हाय?"

"तुमी मॅडम हाव."

पोरं हसली, बाईही हसल्या. आणि कट!

दिंडी अडली. आत लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. शेरवानीतला नवरदेव ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा की! बाहेर कमानीचा फोटो घ्यायचाय, ऊन उतरायलंय!"

"मला बी चौक बघायचाय, बाळा. तुझा बघून झालाय ना? थांब मग."

माणसं जमली, मोबाइल निघाले. मला लाज वाटली. बाईंच्या हट्टापेक्षा, ओळखीचं कुणी मला तिथं बघेल याची. मी मागून गेलो, न विचारता ब्रेक सोडला आणि खुर्ची ओढून बाजूला केली, पोतं सरकवावं तशी.

 बाई मान न वळवता म्हणाल्या, "सर, ही नुसती खुर्ची न्हाई. माझं अंग हाय. न इचारता अंगाला हात लावलात तुमी." आवाज चढलेला नव्हता. सहावीची पोरं माझ्याकडे बघत होती. तेव्हा माफी मागता आली नाही. पुढेही नीट मागितली गेली नाही.

त्यांनी स्वतः चाकं फिरवली. "उचलायची एवढी हौस असंल तर आत जावा आन दाराचा अडसर उचला. मला कावून उचलता?" माझ्यापुरती वाट ठेवली, मी आत शिरल्यावर पुन्हा दिंडीसमोर आल्या आणि ब्रेक लावला.

दाराला आतून मांडीएवढा जाड लाकडी अडसर होता. चाचा कुजबुजले, "वरून ऑर्डर न्हाई, सर."

बाहेरून आवाज आला, "वरून कशाला? मी खालीच बसलेय, माझी घ्या!"

नवरदेवानं बाह्या सारल्या. चाचांनी कपाळाला हात लावला, मग तोच हात अडसराला घातला. आम्ही तिघांनी तो उचलला. दरवाजा करकरत उघडला आणि बाई आत आल्या. खुर्ची ढकलायची कुणाची हिंमत झाली नाही.

चौकातल्या हौदाजवळ त्या थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, हा तर आठकोनी हाय."

पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, आतला हौद कसा आहे. बुटातला खडा झटकत मी म्हणालो होतो, गोल. अकरा वर्षं त्या फळ्यावर गोल हौद काढत होत्या. पोरंही डोळ्यांनी बघून यायची आणि वहीत गोलच काढायची. बाईंनी तसा काढलाय म्हटल्यावर तसाच असणार!

"तुमी आत गेलते ना?" बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात त्यांनी आठ बाजू मोजून आखल्या. "पोरांनो, मी चूक शिकवलं. न बघता शिकवलं. आता बघून आलेय. खोडा आन नीट काढा." मी दाराशीच उभा होतो. त्यांनी मला पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. ते नाव वर्गात तेव्हाच मी सांगायला हवं होतं. आता इथं लिहितो: हौद गोल आहे, असं सांगणारा मी होतो.