जाऊबाईंनी परत केलेले धवळे

माझ्या मोठ्या जाऊबाई, सत्यवती, पळस्प्याच्या अलीकडच्या आमच्या गावच्या धवलारीण होत्या. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत ती धवळे गाते आणि गाण्यातूनच एकेका देवाला मांडवात बोलावते. जाऊबाईंना न्यायला पार उरणहून गाड्या यायच्या. मी पनवेल शहरातली, बारावी झालेली. त्यांचा तो तोरा माझ्या डोक्यात जायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांना एकच मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. गाव भेटायला येई आणि एकच विचारी, देवाचं काय राहिलं होतं, कुणाचा नवस चुकला होता? मीसुद्धा विचारलं, माझी जीभ कुठे गप्प बसते. दवाखान्यातली रिना सिस्टर तेवढी ड्युटी संपवून यायची आणि काही न विचारता नुसती शेजारी बसायची. तिच्यासोबत जाऊबाई कळंबोलीला प्रार्थनेला जाऊ लागल्या. लोखंडाच्या दुकानावरची एक खोली, वीसेक माणसं, भिंतीला लाकडाचा क्रूस. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

"मग आता नाव काय ठेवलं, मेरी का?" मी टोमणा मारला.

"सत्यवतीच," त्या म्हणाल्या. "येशूनं नाव बदल म्हणून सांगितलंच नाय."

भावजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते आमच्याकडे जेवायला लागले आणि जाऊबाई मागच्या खोलीत एकट्या रांधू लागल्या. गाड्या यायच्या बंद झाल्या. माझी लेक प्राची तेवढी उड्या मारत मागे जायची. पुढे कॉलेज आणि नोकरी लागली, तशी तीही कमी झाली.

या वर्षी प्राचीचं लग्न ठरलं. ती हटून बसली, धवळे मोठी आईच गाणार. भावजी म्हणाले, गाणार असेल तर मांडवात येऊ दे, नसेल तर नको. मी वधूची आई, न गाताही बसू दे म्हटलं असतं तर माझा शब्द चालला असता. पण भावकीत तमाशा नको म्हणून मी मूग गिळून बसले आणि उलट जाऊबाईंनाच समजवायला गेले.

"वैनी, नुसते शब्द तर आहेत. तोंडानं म्हणा. मनात तुमचा येशू असू दे, कोण बघायला येतंय?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"आजवर गायले ते खरं मानून गायले, रंजिता. आता खोटं गायले तर ना तुमच्या देवाला पोचायचं, ना माझ्या. पोरीच्या लग्नात मी खोटं नाय गाणार." मग म्हणाल्या, "तुला शिकवते. ते तुमचं हाय. मी ठेवून काय करू?"

महिनाभर मी दुपारी मागे जात होते. त्या एक ओळ म्हणत, मी वहीत लिहून घेई आणि बेसूर गाई. कधी नव्हे ते त्या हसायच्या. एकदा मी विचारलंच, "वैनी, इतकी वर्षं इथे एकटं वाटत नाही? की येशू सोबत असतो?"

"वाटतं ना. न वाटायला काय झालं? पण आधी एकटी असले की भीती वाटायची, काय पाप केलं म्हणून पोर गेली. आता ती भीती नाय. तो बसतो शेजारी. तो पण आपल्या माणसाच्या मरणाला रडलेला हाय." एवढंच बोलल्या आणि पुढची ओळ सांगितली. मला त्या दिवशी त्यांचा हेवा वाटला.

लग्न रविवारी होतं. मी गायले. बायका म्हणाल्या, हुबेहूब सत्यवती. निघताना प्राची शालू सावरत मागच्या दाराशी धावली, मोठ्या आईच्या पाया पडायला. दाराला कुलूप होतं. आपल्यावरून पोरीच्या मांडवात वाद नको म्हणून त्या सकाळीच कळंबोलीला निघून गेल्या होत्या. प्राची कडीवर डोकं टेकून रडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या रिक्षातून उतरल्या तेव्हा मांडववाला खांब सोडत होता. मी जेवणाचं ताट घेऊन मागे गेले. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"कुठं अडलीस का?"

"पाठवणीला."

"का?"

"वैनी, मी तुम्हाला हाताला धरून मांडवात बसवायला हवं होतं," मी म्हटलं. "माझं चुकलं. भावकी गेली खड्ड्यात."

खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली. मी शेजारी बसले आणि हळदीच्या पहिल्या धवळ्यापासून गायला सुरुवात केली. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पाठवणीला माझा सूर तुटला, तरी या वेळी मी थांबले नाही. गाणं संपल्यावर त्यांनी हात जोडले आणि प्राचीसाठी त्यांच्या येशूकडे प्रार्थना केली, अगदी हळू. त्यात आणखी एका मुलीचं नाव होतं. वीस वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.