गल्लीत टाकलेले उंदीर

डॉक्टरने माझ्या बायकोला, जानकीला, हात वर करायला सांगितला आणि तिच्या डाव्या काखेत दोन बोटं टेकवली. ती कळवळली. त्याने बोटं रुमालाला पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ब्युबॉनिक प्लेग. गाठ सुपारीएवढी झाली आहे. किती दिवस लपवलीत?"

ब्युबॉनिक प्लेग म्हणजे गाठीचा ताप. वैद्य त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणतात. काखेत, जांघेत नाहीतर मानेला गाठ येते, अंग भाजून निघतं, आणि दारू न पिताही माणूस झोकांड्या खात चालतो. ही लक्षणं मला तोंडपाठ होती. गिरगावातल्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवतो, आणि प्लेगच्या नोटिसा मीच जुळवल्या होत्या. तरी मी म्हणालो, "पित्ताचा ताप आहे हो. कालपासून."

तपासणीची टोळी लालबागेत शिरली की चाळीचाळीतून तेव्हा एक युक्ती चाले. तापाने फणफणलेल्या बाईला चुलीपुढे बसवायचं आणि हातात फुंकणी द्यायची. चेहरा लाल का, तर आचेने. डोळ्यांत पाणी का, तर धुराने. बऱ्याच बायका अशा वाचल्या, म्हणजे टोळीच्या हातून वाचल्या. त्या सकाळी मीही जानकीला धरून चुलीपुढे बसवलं. तिने फुंकणी तोंडाला लावली आणि तशीच बाजूला कलंडली. डॉक्टरने आधी तिच्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. घाईत मी विस्तव पेटवायलाच विसरलो होतो. चुलीत कालची गार राख होती.

डॉक्टर आपल्यातलाच होता, तरुण, डोक्यावर पगडी आणि पायांत विलायती बूट. मला त्याचा गोऱ्या साहेबापेक्षा जास्त संशय आला. साहेब परका, त्याचं काय ते उघड असतं. हा आपली भाषा बोलून माणूस नेणार. इस्पितळात माणसांना उलटं टांगून तेल काढतात असं चाळीत बोललं जात होतं. मी शिकलेला, मी हसत असे. पण डोली दाराशी आली तेव्हा ते तेल मला डोळ्यांपुढे दिसलं.

माझा स्वभावच संशयी. खिळे उलटे असतात, ते उलटे वाचायची सवय डोळ्यांना लागते, आणि मग माणसंही मी उलटीच वाचतो. कोणी गोड बोललं की याचं पोट कुठे दुखतंय ते आधी शोधतो. त्याचा मला अभिमान होता. तो कसा उतरला, तेच सांगायला बसलो आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असा ताप आला, तर निदान माझी चूक तरी त्यांनी करू नये.

आता सव्वा महिना मागे जातो.

आमची चाळ जिथे आहे तिथे पूर्वी पाणथळ होती. शहराचा कचरा ओतून ती भरली, वर माती लोटली आणि त्यावर आम्हाला आणून ठेवलं. वर दोन मजले भाडेकरू, बहुतेक सगळे कोकणातले, गिरणीत जाणारे. तळाला घरमालकाची धान्याची वखार. तिचं कुलूप मालकाच्या गुमास्त्याशिवाय कोणी उघडत नसे. मागे दोन चाळींच्या मधून हातभर रुंद गल्ली. आमच्या मोऱ्या तिच्यात सुटतात, वरून कचराही तिच्यातच पडतो. ती गल्ली झाडायला तानी यायची. घाटावरची बाई, चाळिशीची. जिन्याच्या पायरीला तिने शिवायचं नाही असा रिवाज होता. काही सांगायचं असलं तर ती खाली उभी राहून हाक मारी.

एका सकाळी तिने मला हाक मारली. चाळीत पत्रं वाचणारा-लिहिणारा मी एकटा, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात.

"मास्तर, उंदरं पडाया लागलीत," ती म्हणाली. "काल चार, आज धा. समदी वखारीखालनं येत्यात आन् गरागरा फिरून मरत्यात. सायबाला अर्ज लिवा. वखार उघडून बघा म्हनावं."

मी म्हटलं, "उद्या लिहितो."

संध्याकाळी गॅलरीत सगळे जमले. अर्ज गेला तर चाळ खाली करणार, कौलं काढणार, आम्हाला चटयांच्या छपरांत नेऊन ठेवणार, आणि तिकडे गिरणीत आपल्या मागावर दुसरा उभा राहणार. कोणीच खोटं बोलत नव्हतं, भीती खरी होती. शेजारचा विठूदादा, वीस वर्षं मागावर काढलेला माणूस, मला म्हणाला, "मास्तरांनू, सायब इलो तर आमका भायेर घालतलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप रवा."

गप राहायचं तर उंदरांचं काय करायचं? तो तोडगा मी काढला. तपासणीवाल्यांना गॅलरीत मेलेला उंदीर दिसता कामा नये, म्हणून ज्याला दिसेल त्याने उजाडताच तो चिमट्याने उचलून मागच्या गल्लीत टाकायचा. पुढचं तानी बघेल. माझ्या हुशारीचं कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आठवडाभर तानी टोपल्या भरून उंदीर नेत राहिली आणि रोज खालून विचारत राहिली, "लिवला का अर्ज?" मला वाटू लागलं, हिला एवढी घाई का? टोळीवाल्यांनी हिला फितवलं असणार. मी तिला दरडावलं, "बाहेर कुठे बोललीस तर गल्लीत पाऊल टाकू देणार नाही."

त्यानंतर ती आलीच नाही. आम्ही म्हटलं, पळाली असेल गावाला. गल्ली तुंबली, घाण वर येऊ लागली, तेव्हा आम्ही तिलाच शिव्या दिल्या. वखारीवरच्या खोलीतल्या पांडूतात्यांना चार दिवस ताप आला आणि ते गेले. मरणाची नोंद मीच करून आलो. कारण सांगितलं, जुना दमा. त्यांच्या काखेत काय आहे हे मी पाहिलं नाही, मुद्दामच पाहिलं नाही.

आणि मग जानकी.

परळच्या बाजूला चटयांचं लांबलचक छप्पर, हे इस्पितळ. कार्बोलिकचा वास नाकात बसला की जेवतानाही जाईना. कार्बोलिक म्हणजे रोगाचं विष मारायचं औषध. ते जमिनीवर शिंपडतात. मी शिरल्याबरोबर छताला दोर कुठे टांगलेत ते पाहून घेतलं. नव्हते.

मी डॉक्टरला बजावलं, "तिला पाणी आमच्या जातीच्या माणसाच्या हातचंच मिळालं पाहिजे."

तो दमलेला दिसत होता. म्हणाला, "तसा माणूस एकच आहे आणि खाटा एवढ्या. यांना घटकेघटकेला पाणी लागेल. माझ्या औषधापेक्षा पाणी जास्त उपयोगाचं आहे. पुन्हा विचार करा."

मला वाटलं, हा आम्हाला बाटवायला बघतोय. मी हट्ट सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप वाढला. तिसऱ्या दिवशी डिलिरियम लागला. डिलिरियम म्हणजे वात, भ्रम. जानकी मला ओळखेना. माहेरच्या विहिरीचं नाव घेऊन ती ओठ चाटत होती. आम्हा नातेवाइकांना सकाळी एकदा आणि दुपारी एकदाच आत सोडत. डॉक्टर म्हणाला, "गाठ पिकून फुटली तर आशा आहे. आतच दबली तर हृदय थकेल. आपण वाट पाहायची." बाहेर वडाखाली बसून मी वाट पाहिली. आयुष्यात प्रथमच मला देवाचाही संशय आला.

चौथ्या दिवशी दुपारी आत गेलो तर जानकीच्या खाटेशी एक बाई पाठमोरी बसली होती. जानकीची मान तिच्या हातावर होती आणि जानकी वाडग्यातून पाणी पीत होती, घटाघट, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मी जवळ गेलो. ती तानी होती. निम्मी झालेली, मानेला कापड बांधलेलं.

तिने मला पाहिलं आणि हात हलवला नाही. म्हणाली, "वरडायचं आसंल तर वरडा. पर तिचं पिऊन हुद्या आदी."

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लाज सोडून सांगतो. ही सूड घेते आहे, पाण्यात काहीतरी कालवलंय. मी वाडगा हिसकावून घेतला, हुंगला, आणि तपासायला म्हणून त्यातला एक घोट घेतला. पाणी होतं. नुसतं पाणी. घोट गिळल्यावर ध्यानात आलं की मी काय प्यायलो आणि कोणाच्या हातचं. जातीपेक्षा माझा संशय मोठा निघाला.

"झाली खातरी?" तानी म्हणाली. "आना हिकडं वाडगा."

मग तिने सांगितलं. गल्लीतल्या टोपल्या तिचा नवरा गाडीवर रिकाम्या करी. तो ताप येऊन तिसऱ्या दिवशी गेला. तिला मानेला गाठ आली, ती पिकली, फुटली, म्हणून ती राहिली. एकदा होऊन गेलेल्याला हा ताप सहसा पुन्हा धरत नाही असं डॉक्टरने सांगितलं आणि तिला इथेच कामाला ठेवलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी चिमट्यानं उचालली. आमी हातानं."

त्या दिवसापासून जानकीला पाणी तानीच पाजत होती आणि मी डॉक्टरला काही बोललो नाही.

सहाव्या दिवशी गाठ पिकली. डॉक्टरने इन्सिजन केलं, म्हणजे चीर दिली. पू निघाला, आणि पल्स म्हणजे नाडी धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. "वाचतील," म्हणाला. "पाण्याने तगल्या." मी त्याच्या विलायती बुटांपाशी वाकलो. ज्याला मी तेल काढणारा समजलो होतो त्याच्याच पायांशी मी हमसून रडलो.

नवव्या दिवशी जानकीने मला नावं ठेवली, दाढी केली नाहीत म्हणून. मी समजलो, ही परत आली.

त्याच दुपारी तानी वडाखाली आली आणि चार हात लांब उभी राहिली. "आता लिवा अर्ज. वखारीला आजून कुलूप हाय."

खरंच होतं. टोळीने आमच्या खोल्या धुतल्या, जानकीचं अंथरूण जाळलं, कौलं काढली, पण वखारीपुढून ते तसेच गेले. किल्ली गुमास्त्याकडे आणि मालक हवापालटाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि मी, एवढा संशयी माणूस, तानीचा संशय घेतला, डॉक्टरचा घेतला, पाण्याचा घेतला. त्या कुलपाचा मला कधी संशय आला नाही. माझा संशय खालच्या माणसापाशी सुरू होई आणि वरच्या माणसापर्यंत पोचायच्या आत दमून जाई.

मी दौत-टाक मागून घेतली आणि अर्ज लिहिला. वखार, उंदीर, तुंबलेली गल्ली, तिच्या नवऱ्याचं मरण, पांडूतात्यांचं मरण, सगळं. तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिने कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि इस्पितळाच्या कंपाउंडरकडे गेली. "ह्यात काय लिवलंय ते वाचा," ती त्याला म्हणाली.

माझे कान तापले. माझं लिहिलेलं दुसऱ्याकडून पडताळून घेते! कंपाउंडरने वाचलं. शब्दाला शब्द तेच होतं. मला बरं वाटलं.

तानी मान हलवत परत आली. "समदं हाय," ती म्हणाली. "पर उंदरं गल्लीत कुनी टाकली, ते न्हाई ह्यात."

ते वाक्य मी विसरलो नव्हतो. लिहिताना हात तिथे येऊन पुढे सरकला होता. ते लिहिलं तर पांडूतात्यांची खोटी नोंदही उघडी पडणार होती, आणि चाळीत मला कोणी उभं करणार नव्हतं. वड छपराला लागूनच होता, आणि जानकी खाटेवरून चटईच्या फटीतून सगळं बघत होती. एवढ्याशा आवाजात म्हणाली, "लिहा हो."

मी नवा कागद घेतला. वरच्या ओळीतच लिहिलं, की मेलेले उंदीर गल्लीत टाकण्याची तोड माझी, आणि अर्ज मागितला असता तो मी दिला नाही. खाली माझं नाव घातलं आणि तानीने शेजारी अंगठा उठवला. तिने तो कागदही कंपाउंडरकडून वाचवून घेतला, मगच कनवटीला लावला.

तानीने अर्ज साहेबाकडे पोचवला आणि वखार उघडली. पोत्यांखालून काय निघालं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याचं जेवण जाईल. चाळ खाली झाली. विठूदादा छपरात राहायला गेला, त्याचा माग गेला, आणि तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे. मालकाला वखार दुसरीकडे मिळाली. खोट्या नोंदीबद्दल मला जे सोसावं लागलं ते मी सोसलं. पण त्या गल्लीच्या दोन्ही बाजूंना त्यानंतर ताप फिरकला नाही, एवढं मी पाहिलं.

जानकीच्या काखेत व्रण आहे. पाऊसपाण्यात तो ठणकतो. देवापुढे दिवा लावताना ती डॉक्टरचं नाव घेते, आणि तानीचंही.

तानी अजून येते. नव्या चाळीतही तिला गल्लीच आहे. काही कळवायचं झालं की ती माझ्याकडूनच लिहून घेते, कारण माझं अक्षर चांगलं. लिहून झालं की कागद घेऊन नाक्यावरच्या शाळामास्तराकडे जाते आणि त्याच्याकडून वाचवून घेते. मी खिडकीतून बघत असतो. एकदाही तिने ते चुकवलेलं नाही, आणि चुकवावं असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.