तिसऱ्या मागणीला गेलेली मालन

कोपरीच्या दौलतशेटचा मिठाचा मचवा होता. खाडीतून मीठ मुंबईला जायचं आणि येताना शेट तिथल्या बायकांच्या माड्यांवरून परमा, म्हणजे लघवीला आग लावणारा गुप्तरोग, घेऊन यायचा. मग मोरीत कण्हणं. हरिहर वैद्याकडून औषधाला कबाबचिनीची पुडी यायची, ती कुटायची थोरल्या बायकोनं, मालननं. दुधातून पोटात गेली की स्वारी पुन्हा मिशीला तेल लावायला मोकळी.

इकडे मालनचं ओटीपोट पेटायचं. ताप, कमरेत कळ, अंगावरून घाण पाणी. तिच्या वाट्याला तापल्या विटेचा शेक आणि देवऋष्याचं लिंबू. शेटचा परमा ओळखणाऱ्या वैद्यबुवांना मालनच्या पोटात मात्र फक्त 'बाईचा दोष' दिसायचा. मूल राहिलंच नाही. वांझोटी म्हणून सासूनं सवत आणली, सगुणा. पाण्यानं भरलेली घागर एका हातानं उचलणारी पोर. मचवा मुंबईला जाऊन आला आणि सगुणाही पोट धरून मालनशेजारी पडली. तीच कळ, तोच ताप. दोघींच्या पोटात एकच आग, म्हणजे आणणाराही एकच. मालनला कळायचं ते कळलं.

सासूनं वेगळंच डोकं चालवलं. "दोनी नासक्या निंगाल्या. तिसरी बघू."

मागणीला थोरलीनं जायचं, म्हणजे घरात कुरबूर नाही असं दिसतं. मालनला नवं लुगडं नेसवून सासू तिला मोहन्याला मुलीच्या घरी घेऊन गेली. मुलगी दाराआड उभी होती, अजून अंगानं भरायची होती.

तिच्या आईनं गूळ पुढे केला. "बाय, घरात दुखनंबिखनं नाय ना?"

"दुखनं एकच हाय," मालन म्हणाली. "होतं धन्याला, औषध घेतो धनी, नि आथरुनात पडतो आमी."

"थट्टेखोर हाय जरा," सासू घाईनं म्हणाली.

"थट्टा नाय. परमा हाय. माजी कूस गेली, सगुणाची चाललीय. पोर द्यायची तं आधी नवरा बरा करून घ्या, नि मुंबईच्या माड्या सोडवा."

आईनं गुळाची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

परतीच्या वाटेवर सासूनं मालनच्या सात पिढ्या काढल्या.

पुढच्या खेपेला शेटनं पुडी तिच्यासमोर टाकली. मालननं खलबत्ता त्याच्याकडे सरकवला. "तुमीच कुटा. नि पुरतं बरं होईस्तोवर आमच्या खोलीत पाय टाकू नका. सगुणा माज्यापाशी निजंल."

दार आतून लागलं. मचव्याचा मालक बत्ता कुठून धरतात ते बघत ओटीवर बसला.