काठावरचे बुडीमास्तर

बुडीमास्तर कुणाला भेटले की नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट पकडत. तीन बोटं नाडीवर ठेवून, आपल्याशी बोलता बोलता मनातल्या मनात मोजत. बोलणं झालं की म्हणत, "ठीक हाये. जा." नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाचं मनगट असंच धरलं आणि मांडवात सांगून टाकलं, "पोरगं घाबरून राहिलं." वऱ्हाडी हसले, नवरदेव लाजला, मास्तर मात्र गंभीर होते.

त्यांचं खरं नाव काशीराम. जातीनं ढिवर, म्हणजे तलावात मासे धरणं आणि शिंगाडे लावणं हे घरचं काम. आमच्या नागपूरच्या वस्तीलगतच्या तलावावर त्यांचं उभं आयुष्य गेलं. दम धरून पाण्याखाली ते इतका वेळ राहत, की काठावरची माणसं अस्वस्थ होऊन पुढे सरकत. त्यामुळे कुणी बुडालं की चौकीतून त्यांनाच बोलावणं यायचं. ते बुडी मारायचे, प्रेत वर आणायचे, पंचनाम्यावर अंगठा द्यायचे आणि घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायचे. पंधरा वर्षं हेच चाललं होतं. "मास्तर" ते अजून झाले नव्हते.

ते मास्तर कसे झाले, हे मला सांगता येतं, कारण मी तिथे होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. तलावाजवळच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. माझ्या चौथीच्या वर्गातली प्रमिला मधल्या सुट्टीत शिंगाडे तोडायला पाण्यात उतरली आणि वेलांत अडकली. मुली ओरडत आल्या. मी धावले. काशीराम पलीकडे जाळं विणत बसले होते, त्यांनी तसाच सूर मारला आणि तिसऱ्या बुडीत तिला वर आणलं.

पुढचं मी विसरू शकत नाही. काठावर तीस-चाळीस माणसं होती. कुणीतरी तिचे पाय धरून तिला उलटं टांगलं, गरागरा फिरवलं. कुणी पोट दाबत होतं. काशीराम बाजूला उभे राहून अंग पुसत होते, कारण त्यांच्या मते त्यांचं काम झालं होतं. मी नुसती रडत होते. मग सायकलरिक्षात घालून आम्ही तिला धंतोलीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं, मान हलवली आणि विचारलं, "काढल्या काढल्या हिच्या तोंडातून हवा दिली होती का कोणी?"

"हवा?" काशीराम म्हणाले.

"तोंडाला तोंड लावून. दिली असती तर कदाचित..." डॉक्टरांनी प्रमिलाच्या अंगावर चादर ओढली.

"कोनं द्याची होती? मी?"

"तुम्ही. या बाईंनी. कोणीही."

काशीराम बाहेर येऊन पायरीवर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आजवर किती काढले, मले मोजता नाही येत. त्यातले किती जिते असतीन?"

मी त्यांच्या शेजारी बसले. तो प्रश्न आजही माझ्या मागे आहे.

पुढच्या रविवारी ते त्या डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? "काही नाही होत. मले शिकवा," काशीराम म्हणाले. डॉक्टरांनी आधी टाळलं, मग वैतागले, मग शिकवायला लागले. हवा कशी द्यायची, छाती कुठे दाबायची, रक्त कसं थांबवायचं, मोडलेलं हाड कसं बांधायचं. चार-पाच महिने एकही रविवार चुकला नाही. आणि एके दिवशी ते शाळेत माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाई, मुर्दे लई काढले. आता जिता पायजे. रविवारी शाळेची ओसरी द्या."

मुख्याध्यापकांना मी कसं राजी केलं ती वेगळी कथा आहे. वर्ग सुरू झाला आणि वस्तीनं त्यांना बुडीमास्तर हे नाव देऊन टाकलं. पोहणं शिकायला मिळेल म्हणून लोक आले, तर मास्तर त्यांना सहा रविवार पाण्याजवळ जाऊ देईनात. "आधी काठ शिका," ते म्हणत. "पान्यात एकच जाते. काठावर शंभर उभे राहतेत, आन् शंभराच्या शंभर बावळे."

शिकवण्यासाठी त्यांनी गोणपाटाचा एक माणूस शिवला होता. त्याच्या छातीत फुटबॉलचा ब्लॅडर, तोंडापर्यंत आणलेली सायकलची ट्यूब. बरोबर फुंकलं तर छाती वर यायची. आम्ही त्याला पाहुणा म्हणत असू. प्रत्येकानं फुंकलं की मास्तर त्याचं तोंड जंतू मारणाऱ्या लाल पोटॅशच्या पाण्यानं धूत आणि पुढच्याला बोलावत.

एकदा शहराबाहेरच्या वाडी गावच्या ट्रान्सपोर्ट गोदामातला एक मुनीम आला होता. ट्रकवाल्यांना अपघातात उपयोग होईल म्हणून शिकायचं होतं, हेतू चांगलाच होता. त्याच्या आधी माझी पाळी आली. मी फुंकलं आणि उठले. मुनीम एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "मी नुसतं पाहतो." ते मागे सरकणं मी लहानपणापासून ओळखत होते. माझ्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण ते पाऊल काही नाहीसं झालं नव्हतं. मी खाली बघत राहिले.

मास्तरांनी पाहुण्याचं तोंड धुतलं, जसं सगळ्यांसाठी धूत तसंच, ना कमी ना जास्त. "धुतलं. आता लाव तोंड."

"आज नको, मास्तर."

"काहून नको?"

मुनीम आपल्या चपला शोधू लागला.

"उद्या तू पडशीन रस्त्यावर, आन् ह्या बाईनं तुले हवा देल्ली, त घेशीन का थुंकशीन?" मास्तरांचा आवाज चढला नव्हता. "जाय गा घरी. जवा घ्याले तयार होशीन तवा ये."

तो परत आला नाही. सगळे परत येत नाहीत. मास्तरांनी त्याचं नाव पुन्हा काढलं नाही आणि मलाही काढू दिलं नाही. "पुढं," एवढंच म्हणाले, आणि पुढची बाई बसली.

पाण्याखाली श्वास घ्यायचं पाठीवरचं सिलिंडर आलं ते दोन-एक वर्षांनी. एकदा जलाशयाचं पाण्याखालचं दार दुरुस्त करायला मुंबईहून पाणबुडे आले होते, तेव्हा मास्तर त्यांच्या हाताखाली आठ दिवस राबले होते आणि त्यांच्या मुकादमाकडून ते यंत्र वापरायला शिकले होते. तो मुकादम निवृत्त झाला तेव्हा त्यानं आपला जुना संच रेल्वेनं धाडून दिला: सिलिंडर, तोंडात धरायची नळी, डोळ्यांवरची काच, पायातले रबरी पंजे. आता त्यात हवा भरायची कुठे? अख्ख्या नागपुरात कुणाला माहीत नव्हतं. मास्तर चौकशी करत करत उमरेडकडच्या एका कोळसा खाणीच्या बचाव केंद्रात पोचले. तिथे खाणीत उतरणाऱ्यांसाठी हवा भरायचं यंत्र होतं. साहेबानं आधी हाकललं. मास्तर फाटकाशी बसून राहिले. तिसऱ्या खेपेला साहेबानं संच तपासून हवा भरून दिली, पण एका अटीवर: त्याच्या माणसांना पाण्यातून माणूस कसा काढायचा ते मास्तरांनी शिकवायचं.

पुढे ते सिलिंडर गोणपाटात गुंडाळून एसटीतून जा-ये करायचं. कंडक्टर विचारी, "यात काय हाये, काका?"

"हवा."

"अन् हवा उमरेडहून कायले आनून राहिले? नागपुरात नाही का?"

"हाये, पन पान्याखाली नाही," मास्तर म्हणत आणि गोणपाट मांडीवर घट्ट धरत.

एका संत्र्याच्या बागेतल्या मोठ्या विहिरीत त्यांनी आम्हा चौघांना ते शिकवलं. चौघांत मी एकटीच बाई. मी कासोटा घातला, कमरेला दोर बांधला. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे वर ओढा. काठावर दोर धरायला दोन माणसं, आणि माझ्याबरोबर साध्या दमावर मास्तर. पाणी हिरवं आणि गार होतं. डोक्यावर पाणी आल्याबरोबर मी श्वास कोंडला आणि वर झेपावले. मास्तरांनी माझा दंड पकडला. वर आल्यावर ते रागावले नाहीत, पण स्पष्ट सांगितलं, "श्वास कोंडाचा नाही. वर येतानी त अजिबातच नाही, छाती फुटते. भीती वाटली त वाटू द्या, पन श्वास चालू ठेवा." मी पुन्हा उतरले. चौथ्यांदा मी तळाशी बसून राहिले. माझ्याच श्वासाचा आवाज कानात मोठा येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्याला हे जमतं.

खरं सांगायचं तर त्या सिलिंडरनं एकही जीव वाचला नाही. ते आणून उतरेपर्यंत उशीर झालेला असे. हे मास्तरांनाही माहीत होतं. मी एकदा विचारलं, मग एवढी यातायात कशाला? ते हसले. "लोक सिलिंडर पाहाले येतेत, बाई. फुंक शिकून जातेत."

मग एक अडचण आली. वॉर्ड ऑफिसातल्या एका कारकुनानं विचारलं, तुम्हाला शिकवायचा अधिकार कोणी दिला? प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर ओसरी बंद. मास्तर दुसरीपर्यंत शिकलेले, अक्षरओळख जवळजवळ पुसलेली. पन्नाशीच्या त्या माणसानं माझ्यासमोर पाटी ठेवली. "तुमी मले बुडवू नका म्हनजे झालं." संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही बसत असू. मोठमोठ्या बोटांत पेन्सिल मोडायची. प्रथमोपचाराच्या परीक्षेला ते पहिल्यांदा नापास झाले. तोंडी परीक्षा उत्तम, लेखी पेपर अर्धाच सोडवलेला. निकाल कळला त्या दिवशी मी सांत्वनाला गेले, तर ते अंगणात बसून "धमनी" आणि "शीर" हे शब्द गिरवत होते. दुसऱ्या खेपेला पास झाले. ते प्रमाणपत्र त्यांनी फक्त एका माणसाला दाखवलं, त्या कारकुनाला. मग पेटीत ठेवून दिलं.

आणि जिता माणूस अखेर मिळाला, पण तलावात नाही. शेवंताबाई आमच्या वर्गातल्या, कांदे-बटाटे विकायच्या. एका दुपारी त्यांच्या शेजारणीचं दीड वर्षाचं मूल अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात डोक्यावर पडलं. बाहेर काढलं तेव्हा निळं पडलं होतं. आजीनं त्याला पायांनी धरून उचललं, तोच शेवंताबाईंनी ते ओढून घेतलं. नंतर त्या सांगत होत्या, "मले त मास्तरचाच आवाज ऐकू येऊन राहिला होता. लेकराचं नाक-तोंड दोन्ही झाक. गालातली हवा दे, छातीतली नको. आजी मले मारून राहिली होती पाठीवर, म्हने सोड त्याले. म्या नाही सोडलं."

मूल खोकललं, ओकलं आणि रडलं.

निरोप कळला तसे मास्तर धावतच निघाले, मी मागोमाग. मूल आईच्या मांडीवर झोपलं होतं. मास्तर उकिडवे बसले आणि त्याच्या उघड्या पोटाकडे पाहू लागले. "बाई, पाहा," ते हळूच म्हणाले, "वर-खाली, वर-खाली होऊन राहिलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसत नव्हते. मग एकदम त्यांनी मान वर केली. "शेवंते, दवाखान्यात नेलं होतं का?"

"रडाले लागलं, चांगलं झालं, मंग कायले..."

"काय सांगतलं होतं वं मी? छातीत पानी राहते! उठ!" आणि तसेच ते मूल घेऊन आम्ही धंतोली गाठली. दोन दिवस त्याला तिथे ठेवावं लागलं. पुढच्या रविवारी मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर शेवंताबाईंची पाठ थोपटली आणि त्याच दमात त्यांची चूकही सांगितली.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, नवी तुकडी, नऊ जण, त्यांचा पहिलाच दिवस. मास्तर नेहमीचं बोलत होते. बोलता बोलता थांबले, छातीवर हात ठेवला, भिंतीला टेकून खाली बसले आणि कलंडले. मी हाक मारली. उत्तर नाही. श्वास नाही. मी गुडघ्यांवर बसून छाती दाबायला लागले, शेवंताबाईंनी त्यांचं डोकं मागे केलं. पंधरा दाबा, दोन फुंका. जुन्यांतला एक जण डॉक्टरांना आणायला सायकलवर पळाला.

ते नऊ जण शांतपणे बघत होते. त्यांना तो धड्याचाच भाग वाटला. एकीनं तर वही काढून लिहायला घेतलं होतं.

मी दमले की शेवंताबाई दाबत, त्या दमल्या की तिसरा कोणी. मास्तरांची बायको अनसूयाबाई घरून धावत आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. डॉक्टर आले ते धंतोलीचेच, आता केस पिकलेले. त्यांनी तपासलं. "बाई, थांबा."

मी थांबले नाही. डॉक्टर पुन्हा म्हणाले. तरी माझे हात चालूच राहिले. तेव्हा अनसूयाबाई जवळ आल्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोडा बाई आता. तुमच्यातलं कोनी उभं राहून पाहत नाही राहिलं. तेवढंच म्हनत होते ते जलमभर."

तेव्हा कुठे माझे हात थांबले. वही घेतलेली मुलगी पुटपुटली, "म्हणजे... हे खरं होतं?"

पुढच्या रविवारी वर्ग घ्यायचा की नाही, आमचं काही ठरलं नव्हतं. मी आणि शेवंताबाई नुसत्या ओसरी झाडायला म्हणून गेलो. नऊच्या नऊ जण येऊन बसले होते. मी झाडू भिंतीला टेकवला. मग तीच वहीवाली मुलगी उठून उभी राहिली. "बाई, त्या दिवशी आम्ही सगळे नुसते उभे होतो," ती म्हणाली. "आम्हाला काहीच येत नव्हतं. आजपासून शिकवा."